भानावर असण्याची परीक्षा: अतिदक्षता विभागातील भ्रम ओळखण्याचे साधन मराठीत आणताना

गंभीर आजारपणात माणसाचे लक्ष काही तासांत किंवा एकदोन दिवसांत विस्कटते, समोरच्याचे बोलणे त्याला धरून ठेवता येत नाही, दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कळेनासे होते, आणि ही अवस्था सकाळी बरी तर दिवेलागणीला बिघडलेली अशी हेलकावत राहते. या अवस्थेला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. शास्त्रीय मराठीत तिच्यासाठी मुग्धभ्रांती हा शब्द योजलेला आहे, पण रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर तो कोणाच्या तोंडी नाही; तिथे रुग्ण ‘बरळतो’, ‘भानावर नसतो’, जुन्या माणसांच्या भाषेत त्याला ‘वात होतो’, आणि प्रसंगी त्याला ‘बाहेरचे’ काही लागलेले असते. येथे त्यासाठी भ्रम हा सुटसुटीत शब्द वापरला आहे. हा भ्रम म्हणजे वेड नव्हे आणि म्हातारपणचा स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश वर्षांच्या हिशेबाने वाढतो, भ्रम तासांच्या हिशेबाने उद्भवतो, आणि त्याच्या मुळाशी जंतुसंसर्ग, रक्तातला प्राणवायू किंवा सोडियम उतरणे, मूत्रपिंड निकामी होणे, एखादे औषध, एकाएकी सुटलेली दारू असे शरीरातलेच कारण असते. म्हणून तो ओळखणे म्हणजे बहुतेकदा दडलेल्या कारणाचा माग लागणे होय.

या अवस्थेकडे गेल्या पंचवीस वर्षांत जगभरच्या अतिदक्षता विभागांचे लक्ष गेले, त्याला कारणे आहेत. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात वेस्ली इली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवले की कृत्रिम श्वासयंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर, असलेल्या ज्या रुग्णांना भ्रम झाला त्यांच्यापैकी ३४ टक्के सहा महिन्यांत दगावले, तर ज्यांना तो झाला नाही त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. त्याच विद्यापीठातील प्रतीक पंढरीपांडे यांच्या नेतृत्वाखालील २०१३ सालच्या अभ्यासात ८२१ रुग्ण होते, त्यांपैकी ७४ टक्क्यांना रुग्णालयात भ्रम झाला, आणि वर्षभरानंतर तपासलेल्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश जणांची आकलनशक्ती सौम्य अल्झायमर झालेल्या माणसाइतकी खाली आलेली आढळली. भारतात चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या १४० रुग्णांच्या अभ्यासात हे प्रमाण ५३.६ टक्के निघाले, आणि पुण्याच्या रूबी हॉल क्लिनिकमधील डॉक्टरांनीही २०२३ साली आपल्याकडच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. म्हणजे हा प्रश्न परदेशातून आणलेला नाही. आणलेली आहेत ती फक्त मोजमापाची साधने.

ही साधने लागतात कारण नुसत्या नजरेला भ्रम दिसत नाही. सलाइन उपटणारा, खाटेवरून उतरू पाहणारा, सिस्टरवर ओरडणारा रुग्ण सर्वांच्या ध्यानात येतो, पण असा निव्वळ आक्रमक भ्रम अतिदक्षता विभागात अपवादानेच आढळतो. २००६ सालच्या एका अमेरिकी पाहणीत तो दोन टक्क्यांहून कमी होता, आणि निव्वळ शांत प्रकारचा भ्रम चाळीस टक्क्यांच्या वर होता. शांत भ्रमातला रुग्ण छताकडे बघत पडून राहतो, त्रास देत नाही, आणि म्हणूनच राउंडच्या वेळी ‘आजी आज बऱ्या आहेत’ असा शेरा मिळवतो. नेदरलँड्समधील एका अभ्यासात, कोणतेही साधन न वापरता केवळ अनुभवाच्या बळावर मत देणाऱ्या अतिदक्षता डॉक्टरांना भ्रम झालेल्या रुग्णांपैकी २९ टक्केच ओळखता आले.

सर्वाधिक रूढ झालेल्या साधनाचा उगम शॅरन इनोये यांनी १९९० साली मांडलेल्या ‘कन्फ्यूजन असेसमेंट मेथड’ या पद्धतीत आहे, आणि तोंडात नळी असल्याने बोलू न शकणाऱ्या रुग्णांसाठी इली यांच्या गटाने २००१ साली तिचे जे रूप केले ते ‘कॅम-आयसीयू’ या नावाने ओळखले जाते. त्यात चार गोष्टी पाहतात: रुग्णाच्या मनःस्थितीत अचानक बदल झाला आहे का किंवा ती चोवीस तासांत हेलकावते आहे का, त्याचे लक्ष टिकते का, त्याची जागृती नेहमीपेक्षा वेगळी आहे का, आणि त्याचा विचार सुसंगत आहे का. पहिल्या दोन गोष्टी आणि उरलेल्या दोहोंपैकी एक जुळली की भ्रम आहे असे धरतात. जागृती मोजण्यासाठी अमेरिकेतल्या रिचमंड येथे तयार झालेली, २००२ साली प्रसिद्ध झालेली मोजपट्टी वापरतात. तिला आयसीयूत ‘रास’ म्हणतात. तिच्यावर अधिक चार म्हणजे मारामारीवर आलेला, शून्य म्हणजे शांत आणि जागा, उणे पाच म्हणजे कशानेही न जागणारा रुग्ण. उणे चार आणि उणे पाचला पुढची परीक्षा घेता येत नाही. दुसरे साधन माँट्रियलमध्ये त्याच सुमारास तयार झालेली आठ मुद्द्यांची यादी होय, जी परिचारिका आपल्या पाळीभराच्या निरीक्षणावरून भरते आणि जिच्यात चार किंवा अधिक गुण पडले तर भ्रम समजतात. या दोहोंतला फरक पुढच्या चर्चेला महत्त्वाचा आहे: पहिले रुग्णाकडून उत्तरे मागते, दुसरे मुख्यतः परिचारिकेच्या नजरेवर चालते.

इंग्रजीबाहेरच्या भाषेत असे साधन कसे न्यायचे याचा एक नीट मांडलेला नमुना म्हणून कोरियन भाषेतील काम पाहता येते. कॅम-आयसीयूची कोरियन आवृत्ती आणि तिची पडताळणी २०११ साली ‘बीएमसी सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अशा कामाची रूढ रीत ठरलेली आहे: दोन्ही भाषा जाणणाऱ्यांनी आधी स्वतंत्र अनुवाद करायचे, ते एकत्र बसून जुळवायचे, मूळ मजकूर न पाहिलेल्या व्यक्तीकडून तो पुन्हा इंग्रजीत उलटा करून घ्यायचा, फरक कुठे पडला ते तज्ज्ञांनी तपासायचे, आणि मग थोड्या रुग्णांवर तो चालवून पाहायचा. पण अनुवाद एवढ्यावर संपत नाही. कोरियन आवृत्तीचे निकाल मानसोपचारतज्ज्ञांनी अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांनुसार स्वतंत्रपणे दिलेल्या मताशी ताडून पाहिले गेले, आणि वेगवेगळ्या परिचारिकांचे निकाल एकमेकींशी किती जुळतात हेही मोजले गेले. या जुळणीसाठी ‘कॅपा’ नावाचा आकडा वापरतात, जो केवळ योगायोगाने होणारी जुळणी वजा करून उरलेली खरी जुळणी सांगतो आणि एकच्या जितका जवळ तितका चांगला मानला जातो. तज्ज्ञांशी ताडताना दोन आकडे निघतात: खरोखर भ्रम असलेल्यांपैकी किती जण साधनाने पकडले ही त्याची संवेदनशीलता, आणि भ्रम नसलेल्यांपैकी किती जणांना साधनाने बिनदोष सोडले ही त्याची विशिष्टता. पुढे कोरियाच्या क्रिटिकल केअर संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत वेदना, अस्वस्थता, भ्रम, हालचाल आणि झोप यांचा एकत्र विचार केला. साधन आधी, धोरण मागून, असा हा क्रम आहे.

या आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते, आणि ती अनुवादाच्या उत्साहात हमखास विसरली जाते. २००१ सालच्या मूळ अभ्यासांत कॅम-आयसीयूची संवेदनशीलता ९३ टक्के किंवा त्याहून जास्त होती. परंतु डच संशोधकांनी २०११ साली दहा अतिदक्षता विभागांत, रोजच्या धबडग्यात परिचारिकांनी घेतलेल्या चाचण्या तपासल्या तेव्हा ती ४७ टक्क्यांवर आली, विशिष्टता मात्र ९८ टक्के राहिली. म्हणजे साधनाने ‘भ्रम आहे’ म्हटले तर ते बहुधा खरे, पण खरोखर भ्रम असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण त्याच्या हातून निसटतात. संशोधनासाठी नेमलेली प्रशिक्षित व्यक्ती आणि आठ खाटा सांभाळणारी रात्रपाळीची सिस्टर यांच्या हातात एकच कागद दोन वेगवेगळी साधने बनतो. मराठी आवृत्तीची पडताळणी पुण्यामुंबईच्या अध्यापक रुग्णालयात झाली म्हणून ती महाडच्या रुग्णालयात तशीच लागू पडेल असे गृहीत धरणे हे यामुळेच चूक ठरते.

आता प्रत्यक्ष मराठीकडे वळता येईल. लक्ष टिकते का हे पाहण्यासाठी कॅम-आयसीयूत दहा इंग्रजी अक्षरे तीन-तीन सेकंदांच्या अंतराने म्हणतात, त्यांत ‘ए’ चार वेळा येते, आणि प्रत्येक ‘ए’ला रुग्णाने परीक्षकाचा हात आवळायचा असतो, दोनहून अधिक चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असे मानतात. हे मराठीत सरळ ‘अ’वर आणले तर चाचणीच कोसळते, कारण देवनागरीत ‘स’, ‘व’, ‘र’ म्हटले की प्रत्येकाच्या शेवटी ‘अ’ ऐकू येतोच. ‘क’ निवडला तर ‘ख’ आणि ‘ग’ टाळावे लागतात, कारण श्वासयंत्राच्या घरघरीत आणि मॉनिटरच्या टिकटिकीत साठीपुढच्या माणसाला त्यांतला फरक लागत नाही. शिवाय ज्या बाईने शाळा पाहिलेली नाही तिला सुटे अक्षर ही कल्पनाच परकी असते. तिच्या लेखी ‘क’ हा आवाज आहे, ओळखायची वस्तू नव्हे. त्यापेक्षा आकडे बरे, कारण बाजारहाट केलेल्या प्रत्येकाला ते कानाने ठाऊक असतात. एक ते नऊ या आकड्यांत दीर्घ ‘ई’चा आवाज फक्त ‘तीन’मध्ये आहे, तर ‘पाच’, ‘सात’, ‘आठ’, ‘चार’ हे सगळे ‘आ’वर झुलतात, म्हणून दहा आकड्यांच्या ओळीत चार वेळा ‘तीन’ ठेवून त्यालाच हात आवळायला सांगणे हा अक्षरांपेक्षा अधिक भरवशाचा मार्ग ठरतो. चारचे प्रमाण मात्र बदलू नये. मूळ रचनेत मुळीच हात न आवळणाऱ्याच्या चार चुका होतात आणि प्रत्येक वेळी आवळणाऱ्याच्या सहा, म्हणजे दोघेही नापास होतात. लक्ष्य आकडा दोनदाच ठेवला तर मख्ख पडून राहिलेला रुग्ण दोन चुकांवर उत्तीर्ण होतो.

‘हात आवळा’ हा शब्दही विचारपूर्वक घ्यावा लागतो. सिस्टरने सवयीने ‘माझा हात दाबा’ म्हटले तर गावाकडच्या माणसाच्या मनात हातपाय दाबून देण्याची, म्हणजे चेपण्याची, कल्पना येऊ शकते, आणि संकोचाने तो हात मागे घेतो. पुरुष रुग्ण आणि तरुण परिचारिका असेल तर हा संकोच आणखी वाढतो. ‘काका, मी तीन म्हटलं की माझी बोटं घट्ट धरा, दुसरं काही म्हटलं तर धरू नका’ हे वाक्य लांब आहे, पण त्यात संशयाला जागा नाही. संबोधनही चाचणीचाच भाग समजावे. कोरियनमध्ये क्रियापदाचा शेवटच ऐकणाऱ्याचा मान ठरवतो; मराठीत ते काम ‘तुम्ही’ आणि काका, मावशी, आजी, बाबा ही नाती करतात, आणि बारा तास ‘ए, हात हलवू नको’ असे ऐकलेल्या वृद्धाचे अर्धे सहकार्य परीक्षेआधीच गेलेले असते.

विचारांची सुसंगती पाहण्यासाठी चार ‘हो-नाही’ प्रश्न असतात: दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का, एक पौंड दोन पौंडांपेक्षा जड असतो का, हातोडीने खिळा ठोकता येतो का. मग दोन बोटे दाखवून तसेच करायला सांगतात, आणि नंतर दुसऱ्या हाताने तेच. एकाहून अधिक चूक झाली की विचार विस्कळीत मानतात. पौंडाचा किलो करणे सोपे आहे. दगडाचा प्रश्न मात्र वाटतो तितका निरुपद्रवी नाही, कारण रामाच्या सेतूचे दगड तरंगले हे इथल्या प्रत्येक भाविकाने कीर्तनात ऐकलेले असते, आणि शुद्धीवरची एखादी आजी विचारपूर्वक ‘हो’ म्हणू शकते. यावर ‘दगड बुडतो का’ असा प्रश्न उलटा करण्याचा मोह होतो; तो टाळावा, कारण मूळ चौकडीत दोन उत्तरे ‘हो’ आणि दोन ‘नाही’ आहेत. डॉक्टरांपुढे नाही कसे म्हणायचे या भिडेने सरसकट ‘हो’ म्हणणारा रुग्ण मूळ चौकडीत दोन चुका करून पकडला जातो, पण दगडाचा प्रश्न उलटा केला की एकाच चुकीवर सुटतो. त्याऐवजी ‘कोयता पाण्यावर तरंगतो का’ असे विचारता येईल. कोयता घरोघरी आहे आणि त्याने कुठल्या पुराणात तरंगून दाखवलेले नाही.

उत्तर द्यायचे कसे, हाही प्रश्न आहे. तोंडात नळी असलेला माणूस मानेने उत्तर देतो, आणि मराठी माणसाची होकारार्थी मान नेहमी वरखाली हलत नाही. पुष्कळदा ती खांद्याकडे झुलते, जी दुरून पाहणाऱ्याला नकारासारखी दिसते. एरवी चेहऱ्यावरून आणि तोंडातल्या ‘च्’वरून उलगडा होतो, पण नळीने आणि पट्ट्यांनी चेहरा झाकलेला असतो. म्हणून मराठी तक्त्यात मानेवर विसंबू नये; ‘हो’साठी डोळे एकदा घट्ट मिटणे असा नियम आधी ठरवून, दोन सोप्या प्रश्नांवर तो रुग्णाला समजला आहे याची खात्री करून मगच सुरुवात करावी.

एवढे करूनही ‘मराठी आवृत्ती’ म्हणजे नेमकी कोणाची, हा प्रश्न उरतो. सावित्री नदीच्या खोऱ्यात पुस्तकी मराठी बोलणारे थोडे आहेत. महाड शहरात कोकणी मुसलमानांची स्वतःची बोली आहे, डोंगरातल्या धनगर वस्त्यांची ढब वेगळी, कातकरी समाजाची कातकरी भाषा मराठीच्या जवळची असली तरी तिच्यात गुंतलेल्या वृद्धाला आयसीयूतले मराठी अनोळखी वाटू शकते, आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत जळलेला किंवा वायू नाकातोंडात गेलेला कामगार उत्तर भारतातला असेल तर त्याला मराठीत विचारण्यात अर्थच नाही. प्रत्येक बोलीची वेगळी पडताळणी करणे कोणालाच परवडणार नाही. मग उपाय एकच उरतो: साधनातला शब्दांचा भाग जितका कमी करता येईल तितका करायचा आणि कान, हात आणि डोळे यांच्यावर भार टाकायचा. आकड्यांची चाचणी याच कारणाने अक्षरांहून सरस आहे; ती हिंदीत, कातकरीत, कोकणीत त्या त्या आकड्याने करता येते, फक्त लक्ष्य आकड्याचा आवाज इतरांपासून वेगळा हवा.

सर्वसाधारण वॉर्डांत सध्या लोकप्रिय असलेल्या ‘फोर-एटी’ या दोन मिनिटांच्या चाचणीबाबत मात्र इथे आशा धरण्यात अर्थ नाही. तिच्यात वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारतात आणि वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावतात. महाराष्ट्राच्या खेड्यांत ज्यांची नोंद शाळेत गुरुजींनी केली त्यांच्यापैकी असंख्यांची जन्मतारीख १ जून आहे, आणि शाळेत न गेलेल्यांना ती मुळात नाहीच. वयाचे उत्तर ‘सत्तरीला असेन’ असे येते, जे चूक नसते पण तक्त्यात बसत नाही. महिने विचारले तर आजी चैत्र-वैशाख म्हणतील की जानेवारी-फेब्रुवारी, आणि उलटे म्हणण्याची सवय दोन्हींची नाही. अशा चाचणीत शिक्षणाचा अभावच भ्रम म्हणून नोंदला जातो.

महाड-पोलादपूरला ज्या आजारांनी माणसे आयसीयूत पोचतात ते पाहिले की साधनाच्या आणखी मर्यादा उघड होतात, आणि हाच या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते. तिच्या विषाने स्नायू लुळे पडतात, पापण्या मिटतात, श्वास थांबू लागतो आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यावे लागते. बाहेरून हा रुग्ण बेशुद्ध दिसतो, ‘रास’वर त्याला उणे पाच मिळू शकतात, चाचणी घेतलीच तर हात आवळण्यात तो चारही वेळा चुकतो, आणि प्रत्यक्षात तो पूर्ण शुद्धीत असतो, आजूबाजूचे सर्व बोलणे ऐकत असतो. त्याच्या पापण्या बोटाने वर करून, बुबुळे वरखाली हलवायला सांगून उत्तर मिळते का ते पाहिल्याशिवाय कोणताही तक्ता भरणे हा अन्याय आहे. मराठी आवृत्तीच्या पहिल्याच ओळीत ‘साप चावला आहे का, हातापायांत ताकद आहे का’ हा प्रश्न छापला पाहिजे. कोरियन किंवा अमेरिकी तक्त्यात तो नाही, कारण तिथल्या वॉर्डांत मण्यारीचा रुग्ण येत नाही.

कीटकनाशक पोटात गेलेल्या रुग्णाची गोष्ट उलटी आहे. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या विषावर ॲट्रोपिन हे जीव वाचवणारे औषध भरपूर मात्रेत द्यावे लागते, पण मात्रा जास्त झाली की रुग्णाची कातडी कोरडी आणि गरम होते, बाहुल्या मोठ्या होतात, तो हवेतले काहीतरी वेचू लागतो, चादर कुरतडतो. धोतऱ्याचे बी खाल्लेला माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चित्र अनोळखी नाही, कारण दोहोंचे रसायन एकाच जातीचे आहे. येथे चाचणी होकारार्थी येणे उपयोगाचे ठरते, कारण ॲट्रोपिन आवरते घ्यायची ती खूण असते. महामार्गावर अपघात होऊन मांडी मोडलेला तरुण दोन-तीन दिवस नीट बोलतो आणि मग एकाएकी थरथरू लागतो, घामाने भिजतो, भिंतीवर किडे पाहतो. घरच्यांना आणि कधी डॉक्टरांनाही डोक्याला मार लागल्याची शंका येते, पण शेवटचा घोट घेतल्यापासून दोन ते चार दिवसांनी येणारा हा दारू सुटल्याचा भ्रम असू शकतो. भातलावणीच्या काळात लेप्टोस्पायरोसिसने मूत्रपिंड आणि यकृत बिघडलेला शेतमजूर शांत भ्रमात जातो आणि कावीळ झाल्यामुळे ‘मलूल’ आहे असे समजून सोडला जातो. साधन कारण सांगत नाही. ते फक्त कारण शोधायला लावते, आणि हे परिचारिकांना शिकवताना स्पष्ट सांगावे लागते.

कॅम-आयसीयूची पहिलीच पायरी, म्हणजे नेहमीच्या स्वभावात अचानक बदल झाला का, ही रुग्णाचा नेहमीचा स्वभाव ठाऊक असलेल्या माणसावर अवलंबून असते. पोलादपूरच्या डोंगरी गावांत म्हातारी माणसे घरी आणि मुलगे मुंबईत, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. रुग्णाला आणणारा असतो शेजारी किंवा पोलीस पाटील, मुलगा दुसऱ्या दिवशी पोचतो आणि त्याने आईला गणपतीनंतर पाहिलेले नसते. ‘आई नेहमी अशीच का?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर ‘वय झालंय तिचं’ एवढेच असते. खरे उत्तर शेजारच्या सुनेकडे असते आणि तिला आयसीयूच्या काचेबाहेर कोणी विचारत नाही. कुटुंबीयांना एकच प्रश्न विचारून भ्रमाची शंका घेण्याची पद्धत २०१० पासून तपासली गेली आहे. मराठीत तो प्रश्न ‘गेल्या दोन दिवसांत यांचं बोलणं-वागणं नेहमीपेक्षा वेगळं वाटतं का?’ असा, आणि रोज त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला विचारला जावा.

त्यात भर रस्त्याची. महाडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय शंभरएक किलोमीटर, पनवेल सव्वाशेच्या घरात, आणि पोलादपूरहून आणखी वीस. गंभीर रुग्ण पहिले काही तास ग्रामीण रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात, पुढचे काही ॲम्ब्युलन्समध्ये आणि मग मोठ्या रुग्णालयात असा हातातून हातात जातो. हेलकावणारी अवस्था ओळखायची तर प्रत्येक टप्प्यावरची नोंद पुढच्याच्या हाती पडायला हवी, आणि तीच बहुधा पडत नाही. पोचलेला रुग्ण गुंगीत असेल तर ती गुंगी वाटेत दिलेल्या इंजेक्शनची, आजाराची की भ्रमाची हे सांगणारा कोणी नसतो.

अशा ठिकाणी पडताळणीचा अभ्यास होऊ शकत नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे, पण त्याला खुद्द महाडमध्येच सणसणीत उत्तर उपलब्ध आहे. लाल विंचवाच्या दंशावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटेशेजारी बसून केलेली निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली; प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरात आल्यावर पूर्वी शंभरात पंचवीस-तीस असलेले मृत्यू तीनच्या खाली आले, आणि २०११ साली प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्याने काय फरक पडतो याची महाडमध्ये झालेली तुलनात्मक चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. घाम, थंड पडलेले हातपाय, नाडी यांची शिस्तीने केलेली नोंद एवढ्याच भांडवलावर ते काम उभे राहिले. भ्रमाच्या साधनाला यंत्र मुळीच लागत नाही. लागतात त्या प्रशिक्षित परिचारिका आणि ताडून पाहण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. पैकी दुसरा तालुक्याच्या ठिकाणी मिळणे अवघड असल्याने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या तज्ज्ञाने ठरलेल्या दिवशी येऊन किंवा दृक्‌श्राव्य संपर्कातून, परिचारिकेचा निकाल न पाहता रुग्ण तपासणे हा व्यवहार्य मार्ग आहे. दोन तपासण्यांत दोन-तीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये, नाहीतर हेलकावणाऱ्या अवस्थेत दोघेही बरोबर असून निकाल जुळत नाहीत.

भ्रम ओळखून पुढे काय, या आक्षेपाला थोडक्यात उत्तर असे की शांत करण्यासाठी सर्रास टोचल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉलचा अतिदक्षता विभागातील भ्रम कमी करण्यास उपयोग झाला नाही, हे ५६६ रुग्णांवरील २०१८ सालच्या मोठ्या चाचणीत दिसले. उपयोग होतो तो कारण दूर करण्याचा, गुंगीची औषधे आवरण्याचा, रात्री दिवे मालवून झोप मिळू देण्याचा, लवकर बसते-उभे करण्याचा, चष्मा आणि कानाचे यंत्र परत देण्याचा आणि घरचे ओळखीचे माणूस खाटेशी बसू देण्याचा. यांतले बहुतेक उपाय फुकटचे आहेत, आणि शेवटच्या उपायाला फक्त भेटीच्या वेळांचा नियम आड येतो.

सर्व बाजू पाहता महाड-पोलादपूरसाठी क्रम असा असावा: आधी ‘रास’ मोजपट्टी मराठीत छापून प्रत्येक छोट्या रुग्णालयात लावावी, कारण ती परिचारिकेने भरायची असून तिच्यात रुग्णाशी बोलायचा भाग नाममात्र आहे, त्यानंतर पाळीभराच्या निरीक्षणावर चालणारी आठ मुद्द्यांची यादी, आणि कॅम-आयसीयू, आकड्यांची चाचणी आणि सुधारलेले प्रश्न घेऊन, रीतसर पडताळणीनंतरच. तोवर या दोन तालुक्यांतून रुग्ण पुढे पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला करता येण्याजोगी गोष्ट एकच आहे: संदर्भ चिठ्ठीवर रक्तदाब आणि नाडीच्या खाली रुग्णाचा ‘रास’चा आकडा, तो किती वाजता पाहिला ती वेळ, दिलेले गुंगीचे औषध, आणि रुग्णाचा नेहमीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्या माणसाचा फोन नंबर, एवढे चार तपशील लिहावेत.